सहा पंप, एक मीटर: ढुंडीच्या सौर मंडळीचा कारभार कसा चालतो

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी डिझेल इंजिनं बाजूला ठेवून सौर पंप बसवले, ते एकमेकांना तारेनं जोडले आणि मे 2016 पासून उरलेली वीज मध्य गुजरात वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. संस्थेचं नाव ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी. सौर सिंचनाची जगातली पहिली सहकारी संस्था म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं जातं.

बातम्यांत पॅनलचे फोटो येतात. पण अशी संस्था चालवणारी माणसं महिनाभर नेमकं काय करतात, हे फारसं कुणी सांगत नाही. ती बहुतेक वेळ हिशेब करतात. सहा शेतांवरच्या सहा मीटरांची बेरीज आणि वीज कंपनीच्या एका मीटरचा आकडा कधीच जुळत नाही. तो फरक कुणाच्या खाती टाकायचा आणि तरीही सगळ्यांना पुढच्या सभेला कसं आणायचं, हे त्यांचं खरं काम आहे.

रचना आधी समजून घेऊ

पहिल्या सहा जणांपैकी तिघांकडे पाच एचपीचे पंप आणि प्रत्येकी 8 किलोवॅटची पॅनल, उरलेल्या तिघांकडे साडेसात एचपीचे पंप आणि प्रत्येकी 10.8 किलोवॅटची पॅनल. एकूण 56.4 किलोवॅट. पुढे तीन सभासद वाढले आणि क्षमता 71.4 किलोवॅट झाली. पंपापेक्षा पॅनल मोठं असण्यामागे कारण आहे. पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास, पण सकाळी नऊला किंवा ढगाळ दिवशी पॅनल पूर्ण क्षमतेनं चालत नाही. पंप तेव्हाही उचलला जावा म्हणून पॅनल दुपटीनं ठेवतात. भर दुपारी अर्थातच वीज उरते.

ही उरलेली वीज सभासदांच्या आपसातल्या लाइनवरून एका ठिकाणी येते आणि तिथून वीज कंपनीच्या 11 केव्हीच्या लाइनला जाते. त्या एकाच ठिकाणी वीज कंपनीचं मीटर. कंपनीचा करार मंडळीशी आहे, शेतकऱ्यांशी नाही: 25 वर्षं, युनिटला 4 रुपये 63 पैसे. हा दर मिळवताना सभासदांनी एक गोष्ट सोडली. 25 वर्षं सवलतीच्या दरातली शेतीची वीजजोडणी मागायची नाही, हे त्यांनी मान्य केलं.

या प्रयोगामागे आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था आणि टाटा ट्रस्टचा संयुक्त कार्यक्रम होता. आणंदमध्ये बसून भूजलाचं अर्थशास्त्र मांडणारे तुषार शाह यांची कल्पना अशी, की सूर्याची वीज हे शेतातलं एक पीकच समजा. वीज विकता आली तर शेतकरी फुकटची वीज आहे म्हणून विहीर उपसत बसणार नाही. सुरुवातीला जल व्यवस्थापन संस्थेनं 4.63 च्या वर युनिटमागे सव्वा रुपया हरित ऊर्जेसाठी आणि सव्वा रुपया पाणी वाचवण्यासाठी असा बोनस दिला. म्हणजे सभासदाच्या हाती 7 रुपये 13 पैसे.

मग सहकारी संस्थाच का? वीज कंपनीच्या बाजूनं पाहा. सहा विखुरलेल्या शेतांवर सहा मीटर बसवायची, दर महिन्याला वाचायची, सील तपासायची, सहा करार आणि सहा बिलं सांभाळायची, तेही एवढ्याशा विजेसाठी. कंपनीला ते परवडत नाही. मंडळीनं ही सगळी कटकट स्वतःच्या अंगावर घेतली. खेडा हा अमूलचा मुलूख आहे. दूध घालायचं, फॅट लावायची, चिठ्ठी घ्यायची, ठरल्या दिवशी पैसे घ्यायचे, ही शिस्त तिथल्या घराघरांत 1946 पासून मुरलेली आहे. त्यामुळे विजेसाठी तशीच मंडळी काढा असं सांगितल्यावर लोकांना फार समजवावं लागलं नाही. शेजारच्या आणंद जिल्ह्यात मुजकुवा इथं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीनं 11 शेतकऱ्यांची अशीच मंडळी 2018 मध्ये उभी राहिली, तीही याच पट्ट्यात. हा योगायोग नाही. जिथं सहकाराची रोजची सवय नाही, तिथं हेच काम अवघड जातं.

मीटर वाचायचा दिवस

वीज कंपनीचा माणूस मुख्य मीटर वाचायला ज्या दिवशी येतो, त्याच दिवशी आणि शक्यतो त्याच तासाभरात सभासदांची सगळी मीटर वाचली गेली पाहिजेत. मुख्य मीटर एक तारखेला आणि शेतावरची मीटरं तीन तारखेला वाचली, तर मधल्या दोन दिवसांची वीज एका बाजूला मोजली जाते आणि दुसऱ्या बाजूला नाही. पुढच्या महिन्यात ती आपोआप भरून निघते, पण तोवर कुणीतरी म्हणतं, चेअरमननं माझे दोनशे युनिट खाल्ले.

वाचन सचिवानं एकट्यानं करू नये. सोबत दुसऱ्या शेताचा एक सभासद असावा आणि तो दर महिन्याला बदलावा. मीटरचा फोटो काढायचा, त्यात मीटरचा क्रमांक, आकडा आणि सील तिन्ही दिसले पाहिजेत. मीटर दोन्ही दिशांचं असतं: दिलेली वीज वेगळी, घेतलेली वेगळी. दोन्ही आकडे लिहायचे. नवखा सचिव पडद्यावर आधी दिसणारा एकच आकडा लिहून येतो, आणि तो पुष्कळदा भलताच निघतो.

आता फरकाचं पाहू. समजा एका महिन्यात सहा मीटरांची बेरीज 5,000 युनिट आली आणि मुख्य मीटरवर 4,850. मधले 150 युनिट तारेत आणि डीपीत, म्हणजे लाइनला जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, गेले. पैसे 4,850 चेच येणार. सर्वांत सरळ नियम असा: 4,850 भागिले 5,000 म्हणजे 0.97. प्रत्येकाच्या युनिटला 0.97 नं गुणायचं. ज्याचे 900 युनिट, त्याला 873 चे पैसे, म्हणजे 4.63 च्या दरानं सुमारे 4,042 रुपये.

नियम सोपा आहे म्हणून तो सर्वांना न्याय्य वाटतो असं नाही. डीपीच्या शेजारी ज्याचं शेत, तो म्हणतो माझी वीज तारेत जातच नाही, मी तूट का सोसू? लांबच्या शेताचा म्हणतो, डीपी तुझ्या बांधावर बसवली ती सगळ्यांच्या पैशातून. दोघांचंही खरं आहे. आमचं मत विचाराल तर तूट सर्वांवर सारखीच वाटावी, आणि हा ठराव पहिली वीज विकण्याआधी प्रोसिडिंग बुकात लिहून घ्यावा. पैसे हातात पडल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी बाजूचा आहे असंच वाटतं.

तुटीचा आकडा महिन्यामागून महिना लिहून ठेवला की तो बोलायला लागतो. तीन टक्क्यांवरून अचानक सात झाला, तर तीन शक्यता: कुठंतरी सांधा ढिला होऊन तापतोय, एखादं मीटर चुकतंय, किंवा कुणी वीज चोरायला मीटरनंतरच्या तारेवर आकडा टाकलाय. रात्रीच्या वेळी एखाद्या सभासदाच्या मीटरवर वीज दिल्याची नोंद दिसली तर ती सूर्याची नाही, एवढं तरी नक्की. दर चढा असला की दुसरीकडची वीज मीटरमधून पाठवायचा मोह होऊ शकतो. वीज कंपनीचं पथक वर्षात एकदा येईल, शेजारी रोज बघतो. एका मीटरमागे सगळ्यांचं उत्पन्न बांधलेलं असण्याचा हा मोठा फायदा.

आणि डीपी रात्रीही थोडी वीज खात असते. कुणी काही वापरत नसलं तरी तिच्या गाभ्यात चोवीस तास वीज मुरते. मुख्य मीटरवर ती घेतलेली वीज म्हणून येते. तो खर्च कुणा एकाचा नसतो, मंडळीच्या सामाईक खर्चात टाकायचा.

शेवटच्या शेताची तक्रार

हा प्रकार नीट समजून घ्यावा, कारण अशा ठिकाणी सगळ्यात जास्त भांडणं इथूनच निघतात.

पावसाळ्यानंतर भिजवणी नाही, ऊन कडक, दुपारचे बारा वाजलेत. सगळ्यांचे पंप बंद आणि सगळे इन्व्हर्टर (पॅनलची वीज लाइनला चालेल अशी करणारी यंत्रं) एकाच वेळी डीपीकडे वीज ढकलतायत. शेताकडून डीपीकडे वीज वाहायची तर शेतावरचा व्होल्टेज डीपीपेक्षा जास्त असावा लागतो. तार जेवढी लांब आणि बारीक, तेवढा तो जास्त. 8 किलोवॅटचा एक सभासद डीपीपासून 400 मीटरवर असेल आणि मध्ये 16 चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल असेल, तर एवढ्यानंच सुमारे 15 व्होल्ट चढतात. त्याच केबलवर तसे तिघं असतील तर त्याच्या जवळजवळ तिप्पट. थ्री फेजचा नेहमीचा व्होल्टेज 415. इन्व्हर्टरला 110 टक्क्यांच्या वर, म्हणजे साधारण 456 च्या पुढे, दोन सेकंदांत बंद व्हावंच लागतं, तसा नियमच आहे. दुपारी लाइनवर भार कमी असतो, त्यामुळे डीपीवरच 430-435 असतो. मग हिशेब तुमचा तुम्हीच करा.

शेवटच्या शेतातला इन्व्हर्टर बंद पडतो, काही मिनिटं थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. अकरा ते दोन, म्हणजे कमाईचे तीन तास, असे जातात. न बनलेली वीज मीटरवर येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पुरावाच नसतो. बाकीचे म्हणतात, तुझी पॅनल धुतलेली नाहीत.

हे ओळखायची साधी पद्धत आहे. पंप कुणाचाच चालला नाही असा उन्हाचा दिवस निवडायचा. प्रत्येक इन्व्हर्टरवरचे दिवसाचे युनिट त्याच्या किलोवॅटनं भागायचे. सगळ्यांचा आकडा साडेचारच्या आसपास आणि एकाचाच साडेतीन आला, तर त्याच्या इन्व्हर्टरमधला दिवसाचा आलेख बघायचा. धूळ असेल तर आलेख सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखाच खाली असतो. झाडाची सावली असेल तर रोज त्याच वेळी खड्डा पडतो. व्होल्टेजचं दुखणं असेल तर भर दुपारी दाते पडतात, सकाळ-संध्याकाळ आलेख ठीक असतो. इन्व्हर्टरच्या नोंदीतही ओव्हर व्होल्टेज असा उल्लेख सापडतो.

उपाय: डीपीला टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) असेल तर वीज कंपनीकडून तो एक पायरी खाली घ्यायचा. लहान डीपींना पुष्कळदा टॅप नसतोच. मग जाड केबल. वरच्याच उदाहरणात 35 चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर 15 व्होल्टचे सात होतात. ती केबल मंडळीच्या पैशातून घ्यायची की त्या सभासदाच्या, हा पुन्हा समितीसमोरचा प्रश्न. केबल होईपर्यंत दुपारी पाण्याचं गिऱ्हाईक शेवटच्या शेताकडे पाठवलं तरी व्होल्टेज खाली येतो, आणि त्याला पाण्याचे पैसेही मिळतात.

लाइनला वीजच नसेल तर इन्व्हर्टर लाइनवर वीज देत नाही, कारण खांबावर वायरमन असू शकतो. भारनियमन आणि बिघाडातलं हे नुकसान भरून मिळत नाही. म्हणून फीडर, म्हणजे उपकेंद्राकडून येणारी लाइन, बंद असल्याचे तास वहीत लिहिणं आणि सहा महिन्यांचा तक्ता घेऊन उपविभागीय कार्यालयात जाणं हेही चेअरमनचं काम. तोंडी तक्रारीला तिथं तोंडीच उत्तर मिळतं.

पाणी विकायचं की वीज

पाच एचपीचा पंप तासाला साधारण चार युनिट घेतो. 4.63 च्या दरानं ते साडेअठरा रुपये झाले. बोनससह 7.13 धरले तर साडेअठ्ठावीस. शेजाऱ्याला तासाभराचं पाणी यापेक्षा जास्त पैशांनी विकता येत असेल तर शेतकरी पाणीच विकणार. डिझेल इंजिन तासाला लिटरभर तेल पितं, त्यामुळे शेजाऱ्यालाही सौर पाणी स्वस्त पडतं. म्हणजे वीज खरेदीमुळे उपसा आपोआप थांबतो असं नाही. फुकट वाटणाऱ्या पाण्याला एक तळाचा भाव मिळतो, इतकंच, आणि तेही थोडं नाही. ज्याच्याकडे लाइनला न जोडलेला सौर पंप आहे त्याचं पॅनल भिजवणी नसताना नुसतं तापत असतं. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले पंप असेच स्वतंत्र आहेत.

पैसा कुठं कमी पडतो

किलोवॅटमागे रोज चार युनिट धरले तर 8 किलोवॅटवाला वर्षाला 11,680 युनिट करतो. निम्मी स्वतःच्या पंपाला गेली तर उरलेल्याचे 4.63 नं सुमारे 27,000 रुपये. आकडा बरा वाटतो, म्हणून सभासद सगळाच वाटून मागतात. पॅनल 25 वर्षं टिकतं, इन्व्हर्टर आणि कंट्रोलर साधारण दहा. समजा बदलायला 60,000 लागले, तर वर्षाला 6,000, म्हणजे बनवलेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे बाजूला पडायला हवेत. दहाव्या वर्षी सहाही इन्व्हर्टर मागंपुढं जातात, कारण ते एकाच महिन्यात बसवलेले असतात. शिवाय पॅनलचं उत्पादन दरवर्षी अर्ध्या टक्क्यानं उतरतं आणि दर 25 वर्षं तोच. हे पहिल्याच सभेत सांगणारा चेअरमन त्या दिवशी लोकांना आवडत नाही.

नवा सभासद घेताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ढुंडीत पहिल्या सहा जणांनी किलोवॅटमागे 5,000 रुपये भरले, नंतरच्या तिघांनी 25,000. बाकीचा बोजा प्रकल्पाच्या निधीनं उचलला. आधीच्यांनी अंधारात उडी मारली, नंतरच्यांनी चालू गाडी पकडली, त्यामुळे पाचपट फरक त्यांना पटला असेल. पण एक गोष्ट झाकून चालणार नाही: ढुंडीचं भांडवल बहुतांशी अनुदानाचं होतं. बँकेच्या कर्जावर हेच करायचं तर हप्ता वजा जाता वरच्या 27,000 मधलं फार काही उरत नाही.

महाराष्ट्रात करायचं तर

आपल्याकडे विजेच्या सहकाराचा अनुभव जुना आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक सहकारी संस्था 1970 च्या दशकापासून घाऊक वीज घेऊन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात वाटत होती. 31 जानेवारी 2011 ला तिचा परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. तोवर थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेली होती. तिथंही वरच्या बाजूला घाऊक मीटर होतं, पण खाली बिनमीटरचे शेतीपंप होते. मधला फरक मोजताच येत नसेल तर संचालक मंडळ कितीही कर्तबगार असो, तूट कुणाची हे ठरत नाही. ढुंडीत वीज उलट दिशेनं वाहते, पण गाठ तीच.

राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पाला जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला भाडं मिळतं, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. त्यात तो जमीनमालक असतो, प्रकल्पाचा मालक नसतो. मालकीच हवी असेल तर केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचे प्रकल्प सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पाणीवापर संस्थांनाही उभारता येतात. मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते, तीही उपकेंद्राजवळ.

सहकारी संस्था नोंदवायला 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानं वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. एकाच घरातले दहा चालत नाहीत. मत माणशी एकच, कुणाचे 3 किलोवॅट असोत की 10. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, आणि लाभांश 15 टक्क्यांच्या वर नाही.

इथं पुष्कळ नव्या समित्या अडकतात. वीज कंपनीकडून आलेला सगळा पैसा संस्थेचा नफा समजला तर सभासदाच्या घामाच्या युनिटला लाभांशाची मर्यादा लागते. दूध संस्था जे करते तेच करायचं: सभासदाची वीज संस्थेनं त्याच्याकडून विकत घेतली असं दाखवायचं. सभासदाला युनिटमागे दिलेला भाव हा संस्थेचा खर्च, देखभालीची कपात स्वतंत्र निधीत, आणि त्यानंतर जे उरेल तो नफा. हे उपविधीत (संस्थेच्या नियमावलीत) पहिल्या दिवशी स्पष्ट लिहिलेलं असावं. त्याच कागदात आणखी दोन कलमं घालून घ्यावीत. जमीन विकली किंवा वाटणी झाली तर पॅनल, पंप आणि कराराची जबाबदारी कुणाकडे जाते, हे एक. आणि वारसांची सही, हे दुसरं, कारण 25 वर्षांच्या करारावर आज सही करणारा पंचावन्न वर्षांचा शेतकरी शेवटच्या बिलाच्या वेळी ऐंशीचा असेल आणि वही त्याच्या मुलाच्या हातात असेल.